गोल्डनला उन्हाळ्यात भादरावं का? आणि ‘स्पा पॅकेज’ खरंच लागतं का? (मुंबई)

मधुरा_गिरगाव
आमचा शेरू गोल्डन रिट्रीव्हर आहे, वय तीन वर्षं. अंघोळ आम्ही घरीच घालतो, नखं डॉक्टर कापून देतात. यंदा एप्रिलपासूनच असा उकाडा आहे की पंख्याखाली बसूनही त्याची जीभ आत जात नाही. घराजवळच्या एका ग्रूमिंग सलूनमध्ये चौकशी केली. त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली ‘समर कट’, म्हणजे मशीन फिरवून अंगावरचे सगळे केस बारीक. दुसरी स्पा पॅकेज: चिखलाचा लेप, दुधाची अंघोळ, ब्लूबेरी फेशियल, पंजांना मसाज आणि शेवटी अत्तर. दोन्ही मिळून ३,८०० रुपये.
सासरे म्हणतात भादरून टाका, जीव थंड होईल. मला धीर होत नाही. पैशांचा प्रश्न नाही असं म्हणणार नाही, पण शेरूला खरंच बरं वाटणार असेल तर खर्च करू. ज्यांच्या घरी केसाळ कुत्री आहेत त्यांनी कृपया सांगा.

निखिल_बोरिवली
भादरू नका. गोल्डन, लॅब, हस्की, जर्मन शेफर्ड, पॉम (पॉमेरेनियन) यांच्यापैकी कोणालाच नाही. आमच्या मजल्यावरच्या पॉमचं असंच ‘समर कट’ केलं होतं. पुढचा उन्हाळा आला तरी पाठीवर ठिगळं तशीच होती. केस आले तेही कापसासारखे मऊ आणि विरळ.

बंड्या_डोंबिवली
पण माणसं उन्हाळ्यात केस बारीक करतातच की. कुत्र्याला का नको? खरंच विचारतोय, आमच्याकडे लॅब आहे.

परळचा_पशुवैद्य
बंड्या, प्रश्न रास्त आहे, दवाखान्यात रोज कोणीतरी विचारतंच.

माणसाला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना त्वचा थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गादीतून, आणि तोही थोडा. त्याचं शरीर थंड होतं ते धापा टाकून. जीभ, तोंड आणि श्वासनलिकेतलं पाणी वाफ होऊन जातं, त्याबरोबर उष्णता जाते. त्यामुळे पाठीवरचे केस काढल्याने माणसाला मिळतो तो फायदा त्याला मिळत नाही.

गोल्डनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, जाडसर केस ऊन आणि पाणी अडवतात. आतले मऊ, दाट केस ऋतू बदलला की झडतात. उन्हाळ्यात त्रास होतो तो हे आतले झडलेले केस अंगातच अडकून राहिले की. हवा खेळत नाही आणि ओल धरते. ते विंचरून काढले की वरचा थर आपलं काम नीट करतो. मशीनने दोन्ही थर साफ केले तर कातडी थेट उन्हात येते. आतला थर लवकर वाढतो, वरचा रेंगाळतो, आणि काही कुत्र्यांत महिनोन्महिने केस येतच नाहीत. निखिल यांनी सांगितलेली ठिगळं त्यातलीच असावीत.

मधुराताई, एक वेगळी गोष्ट. तीन वर्षांचा कुत्रा पंख्याखाली शांत बसूनही सतत धापा टाकत असेल तर सलूनच्या आधी त्याचं वजन आणि हृदय तपासून घ्या. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये वाढलेले गोल्डन बरेचदा जाड असतात, आणि चरबीमुळे उकाडा जास्त बाधतो. फिरायला सूर्य उगवायच्या आधी आणि रात्री उशिरा न्या. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघा. सहा-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार.

आबा_विलेपार्ले
आमच्या गुहागरच्या घरी कायम कुत्री होती. त्यांना ना शाम्पू होता ना फेशियल. समुद्रात डुंबून यायची, वाळूत लोळायची आणि अंगणात उन्हात पडायची. चौदा-पंधरा वर्षं जगलेली कुत्री मी पाहिली आहेत. लाड करा, पण कुत्र्याला कुत्रा राहू द्या.

शिल्पाताई_दहिसर
आबा, तुमच्या कुत्र्यांना अंगण होतं, ऊन होतं, वारा होता आणि पळायला वाळू होती. नखं झिजत होती आणि अंग आपोआप वाळत होतं. सहाव्या मजल्यावर टाइल्सवर चालणाऱ्या कुत्र्याला यातलं काहीच मिळत नाही. म्हणून माझं काम निघालं.

मी घरोघरी जाऊन ग्रूमिंग करते. मधुराताई, तुमच्या कामाचं सविस्तर सांगते, कारण पॅकेजच्या नावांत खरं काम झाकून जातं.

गोल्डनचं काम अंघोळीने सुरू होत नाही. आधी कोरड्या अंगावर ब्रश. स्लिकर ब्रशने (बारीक तारांचा ब्रश) वरचे केस मोकळे करायचे, मग रेकने (लांब दातांची दंताळ्यासारखी फणी) आतले मेलेले केस ओढून काढायचे, आणि शेवटी स्टीलची फणी कातडीपर्यंत जाते का ते बघायचं. कानामागे, काखेत, मागच्या पायांच्या पिसाऱ्यात (तिथल्या लांब केसांत) आणि पट्ट्याखाली जटा होतात. त्या अंघोळीआधी सोडवाव्या लागतात. जटेवर पाणी पडलं की ती वाळताना भिजलेल्या सुंभासारखी आवळते, आणि खालची कातडी ताणली जाते. कुत्रं मग हात लावला की चावायला येतं आणि लोक म्हणतात, स्वभावच खराब आहे.

त्यानंतर अंघोळ. शाम्पू दोनदा आणि पाणी भरपूर, कारण शाम्पू आत राहिला की खाज सुटते. मग खरं काम, सुकवणं. मुंबईत माझा निम्म्याहून जास्त वेळ यात जातो. बाहेरून कोरडा दिसणारा गोल्डन आतून ओला असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच इतकं पाणी असतं की तो नुसत्या पंख्याखाली संध्याकाळपर्यंत वाळत नाही. ओल्या आतल्या थरात बुरशी आणि जंतू वाढतात, कुबट वास येतो, आणि एखाद्या रात्रीत गालावर किंवा मांडीवर ओली लाल जखम उमटते. मग डॉक्टर. म्हणून जोराची हवा सोडणारा ब्लोअर लागतो. केस फुंकून बाजूला करत कातडी दिसेपर्यंत सुकवायचं. त्यातच उरलेले मेलेले केसही उडून येतात.

या सगळ्याला मला गोल्डनमागे अडीच-तीन तास लागतात. ‘पाऊण तासात करून देतो’ असं कोणी सांगितलं तर यातलं काय गाळणार ते विचारा.

आता स्पा. चिखल, दूध, ब्लूबेरी यांनी केस चार दिवस मऊ लागतील, वासही छान येईल. शेरूला त्याची गरज नाही. डी-शेडिंग बाथ (मेलेले केस काढून घातलेली अंघोळ), कान, नखं, पंजांच्या खालचे केस आणि पायांचा पिसारा नीटनेटका कापणं एवढंच सांगा. अत्तर तर नकोच म्हणा. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, त्याला तो वास दिवसभर सोसावा लागतो.

केतकी_माहीम
+१ अत्तराला. आमची छोटी कुत्री सलूनमधून घरी आल्यावर गालिच्यावर अंग घासत बसते.

सचिन_लालबाग
आबांच्या ‘लाड’ या मुद्द्यावर थोडं विषयांतर. मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावून आजोबा स्वतः चोळायचे, तास-तास. एरवीही रोज खरारा व्हायचा, गोचिडी काढल्या जायच्या, खूर बघितले जायचे. त्याला कोणी लाड म्हणत नसे, ते घरच्या जनावराचं करणं होतं. हात फिरवताना आजोबांना सूज कळायची, जखम कळायची. शिल्पाताई करतात ते मला त्याच जातीचं काम वाटतं.

आबा_विलेपार्ले
सचिन, हे पटलं. आमचे वडीलही म्हशीला रोज खरारा करत. ब्रशला माझा विरोध नाही, ब्लूबेरीला आहे.

परळचा_पशुवैद्य
सचिनचा मुद्दा वैद्यकीय अर्थानेही खरा आहे. स्तनातल्या गाठी, कानातली सूज, दातांची कीड, शेपटीखालची सुजलेली ग्रंथी, यातलं बरंच आधी ग्रूमरच्या हाताला लागतं. चांगला ग्रूमर ‘हे डॉक्टरांना दाखवा’ म्हणतो आणि तिथेच थांबतो.

ग्रंथींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना लहान पिशव्या असतात. निरोगी कुत्र्यात त्या शी करताना आपोआप रिकाम्या होतात. प्रत्येक अंघोळीला त्या पिळायची गरज नाही. कुत्रं बूड घासत चालत असेल, सारखं चाटत असेल, तर दाखवा. पॅकेजमध्ये ते ‘फुकट’ असलं तरी गरज नसेल तर नाही म्हणा.

फेशियलबद्दल. पांढऱ्या शिह त्झू किंवा माल्टीजच्या डोळ्यांखाली जे तांबडे डाग दिसतात ते अश्रूंमधल्या पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचे असतात. फेशियलने वरवर फिके होतील. डोळे का वाहतात, पापणीचा केस टोचतोय की अश्रुनलिका बंद आहे, हे बघितल्याशिवाय डाग परत येणारच.

सायली_मांजरवाली_चेंबूर
इथे मांजरांबद्दल बोललं तर चालेल ना? कुत्रा आणि मांजर दोन्ही असलेल्या घरांसाठी महत्त्वाचं आहे.

कुत्र्यांच्या गोचिडींसाठी मानेवर टाकायची काही औषधं असतात, त्यांत पर्मेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते नीट पचवू शकत नाही. थरथर, झटके, जीवही जातो. कुत्र्याला लावलेलं ओलं औषध मांजराने चाटलं किंवा ती त्याला चिकटून झोपली तरी धोका आहे. सलूनमध्ये कुत्र्याला काय लावलं ते नाव लिहून घ्या. घरात मांजर आहे हे आधी सांगा. फिनेलसारखी फिनॉल असलेली फरशी पुसायची द्रव्यंही मांजरासाठी वाईट, कारण ती पंजे चाटते.

आमची पर्शियन आहे. मांजर स्वतःला स्वच्छ ठेवते हे खरं, पण पर्शियनचे केस तिच्या एकटीच्या जिभेला आवरत नाहीत. रोज फणी, हाच उपाय. गुंगीचं औषध देऊन केस कापून देतो असं एका ठिकाणी सांगितलं, मी उठून आले. गुंगी द्यायची तर डॉक्टरांनीच, दवाखान्यात, तपासणी करून.

परळचा_पशुवैद्य
सायलीताईंनी लिहिलेला शब्द न् शब्द बरोबर आहे. पर्मेथ्रिन लागलं असं कळलं तर झटके येण्याची वाट बघू नका, तसेच दवाखान्यात या.

अमोल_भांडुप
आमच्याकडे दोन देशी कुत्री आहेत, दोन्ही रस्त्यावरून घेतलेली. त्यांचे केस आखूड, त्यामुळे महिन्यातून एक अंघोळ आणि आठवड्यातून दोनदा रबरी हातमोज्याने अंग चोळणं, इतकंच. पण गोचिडी बघणं रोज. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. गोचीड दिसली की चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढायची. रॉकेल ओतायचं नाही, बोटांनी चिरडायची तर मुळीच नाही. आमच्या एकीला एर्लिकिया हा गोचिडींमुळे होणारा आजार झाला होता, प्लेटलेट्स उतरल्या, नाकातून रक्त आलं. औषधांनी वाचली. तेव्हापासून डॉक्टरांनी वजन बघून दिलेली गोचिडींची गोळी चुकवत नाही.

आणि पावसात फिरून आल्यावर पंजे धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करा. मुंबईत रस्त्यावर पाणी तुंबलं की लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) धोका माणसांइतकाच कुत्र्यांनाही असतो. उंदरांच्या लघवीतून येतो तो. दरवर्षीची लस घेतली आहे का, हे सगळ्यांनी कागद काढून बघा.

बंड्या_डोंबिवली
लॅबचे कान किती वेळा साफ करायचे? आमच्याकडे कानाला आंबूस वास येतो.

परळचा_पशुवैद्य
वास येतोय म्हणजे आता साफ करायचे नाहीत, दाखवायचे. पडद्याला भोक असेल तर चुकीचं द्रव आत जाऊन बहिरेपणा येऊ शकतो. बहुधा यीस्ट वाढलं असेल. लॅब, कॉकर यांचे कान लोंबते, आत हवा जात नाही, आणि आपली हवा दमट. बरं झाल्यावर आठवड्याला एकदा बाहेरून दिसतं तेवढंच, कापसाने. कान कोरायच्या काड्या नकोत. अंघोळीच्या वेळी कानात पाणी जाणार नाही याची काळजी घ्या.

सोसायटी_सचिव_कांदिवली
वेगळी बाजू मांडतो. आमच्याकडे ग्रूमिंगची व्हॅन येते. गेटपाशी ब्लोअर आणि जनरेटर तासभर चालतो, केस उडून तळमजल्याच्या खिडक्यांत जातात, साबणाचं पाणी पार्किंगमध्ये सोडलं जातं. तक्रारी येतात. प्राण्यांबद्दल राग नाही, पण कोणीतरी हेही बघायला हवं.

केतकी_माहीम
सचिव साहेब, आमच्या सोसायटीने ‘कुत्रा लिफ्टमधून नेऊ नका, ग्रूमरला आत सोडणार नाही’ असा फलक लावला होता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यानुसार पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारता येत नाही. तो कागद दाखवल्यावर फलक निघाला.

सोसायटी_सचिव_कांदिवली
लिफ्ट आम्ही कधीच नाकारलेली नाही. मी व्हॅनच्या पाण्याबद्दल बोलतोय.

शिल्पाताई_दहिसर
सचिवांचं बरोबर आहे. व्हॅनमध्ये सांडपाण्याची टाकी असली पाहिजे आणि ती गटारात रिकामी झाली पाहिजे, पार्किंगमध्ये नाही. ब्लोअर दार बंद करून चालवता येतो. केस पिशवीत भरून न्यायचे. मी घरात काम करते तेव्हा न्हाणीघराच्या जाळीवर कापड टाकते, नाहीतर गोल्डनच्या केसांनी पाइप तुंबतो आणि खालच्या मजल्याचे लोक वर येतात. सोसायटीने रविवारची सकाळ सोडून वेळ ठरवून दिली तर आम्हालाही सोपं जातं.

पूर्वा_अंधेरी
शिह त्झूचं काय? वर सगळे भादरू नका म्हणताहेत म्हणून मी कापायचंच थांबवलं, आता नुसता गुंता झालाय.

शिल्पाताई_दहिसर
पूर्वा, शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल यांचा प्रकार निराळा. यांचे केस माणसांसारखे वाढतच राहतात, ऋतूप्रमाणे झडत नाहीत. यांना दर पाच-सहा आठवड्यांनी कापावंच लागतं, आणि रोज फणी नको असेल तर आखूड ठेवलेलं उत्तम. फक्त कातडीला लागून ब्लेड फिरवू देऊ नका. आता गुंता कातडीपर्यंत गेला असेल तर सोडवण्याचा आग्रह धरू नका, ओढून ओढून जीव जातो त्याचा. एकदा आखूड करून घ्या, पुन्हा वाढतील.

आणि यांचं तोंड चपटं. पग, शिह त्झू, बुलडॉग यांना गरम हवेच्या बंद पेटीत सुकवायला ठेवू देऊ नका. त्यांना धापा टाकूनही पुरेसं थंड होता येत नाही. तिथे कोणाचं लक्ष नसेल तर उष्माघात होतो. हाताने, गार हवेवर, मध्ये थांबत सुकवायला सांगा.

निखिल_बोरिवली
एक मतभेद. शिल्पाताई घरी येण्याच्या बाजूच्या असतील, पण आमचा हस्की घरी कोणालाच हात लावू देत नाही. ‘माझं घर, माझे नियम’. सलूनच्या टेबलवर मात्र निमूट उभा राहतो. त्यामुळे घरी की बाहेर, हे कुत्र्यावर ठरवा. मी सलून निवडताना एकच बघतो: काचेतून आत दिसतं का. ‘मालक समोर असला की कुत्रा ऐकत नाही’ हे काही कुत्र्यांबाबत खरं आहे, मान्य. मग मी बाहेर उभा राहीन, पण काचेतून बघेन. दिसू देत नसतील तर तिथे नाही.

शिल्पाताई_दहिसर
निखिल, मतभेद नाही, असंच आहे. काही कुत्री मीही सलूनला पाठवते. आणि रेबीजच्या लसीचं कार्ड न बघता कुत्रा आत घेणारं सलूनही टाळा. जे तुमचं कार्ड बघत नाहीत ते शेजारच्या टेबलावरच्याचंही बघत नाहीत.

मधुरा_गिरगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. घामाचं ऐकून ते विचारात पडले, आणि म्हणाले, मग ब्रश मी करत जाईन. काल संध्याकाळी गॅलरीत बसून त्यांनी इतके केस काढले की त्यातून अजून एक शेरू उभा राहील. समर कट रद्द, स्पाही रद्द. दवाखान्यात वजन केलं, बरंच जास्त निघालं, हृदय ठीक आहे. जेवण मोजून सुरू केलंय.
एक शंका राहिली. त्याची नखं काळी आहेत. आत शीर कुठे आहे ते दिसत नाही, म्हणून घरी कापायची भीती वाटते.

परळचा_पशुवैद्य
थोडं थोडं कापा. कापलेल्या भागाच्या मध्यभागी काळसर ओला ठिपका दिसला की थांबा, पुढे शीर आहे. थोडं थोडं पण वरचेवर कापलं तर शीरही हळूहळू मागे सरते. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा, थांबतं. आतल्या बाजूचं पाचवं नख विसरू नका. ते जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, आणि गोल वाढून गादीत घुसतं.

मधुरा_गिरगाव
शिल्पाताई, पाऊस सुरू व्हायच्या आधी एक नीट डी-शेडिंग करून घ्यावं म्हणते. दहिसरहून गिरगावपर्यंत येता का?

शिल्पाताई_दहिसर
येते. दुपारच्या लोकलला गर्दी कमी असते, ब्लोअरची बॅग घेऊन चर्नी रोडला उतरेन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, पत्ता त्यात पाठवा. न्हाणीघरात १५ अँपियरचा प्लग आहे का तेही कळवा, नसेल तर स्वयंपाकघरातून वायर ओढू. सकाळी त्याला हलकंच खायला द्या आणि मी येण्याआधी खाली फिरवून आणा. सासऱ्यांना घरी थांबायला सांगा, रेक कसा धरायचा ते त्यांना दाखवते.